गयामावशीची जेवायची वेळ

गयामावशीला जेवताना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तिला कॅन्सर झालेला होता. त्याआधी कितीतरी वर्षं मी तिच्या हातचं जेवत होते. मी एकटीच नाही, अंबडच्या कारखान्यांतली बरीच माणसं जेवत होती. पण ही बाई स्वतः कधी जेवते, कुठे बसून जेवते, हे आमच्यापैकी कोणालाही सांगता आलं नसतं. विचारलं तर तिचं एकच उत्तर असायचं, "माझं काय, मागनं होतं." मागनं म्हणजे नेमकं केव्हा, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

सिडकोतल्या एका रो-हाऊसच्या खालच्या मजल्यावर तिची मेस होती. पाटी नव्हती. पुढच्या खोलीत लांब टेबलं आणि बाकं, मागे स्वयंपाकघर, मध्ये फुलाफुलांचा पडदा. मावशी मूळची निफाडकडची. तिचा नवरा अंबडला एका कारखान्यात होता. त्याला कामावरून काढलं, आणि पुढे काही वर्षांत तो गेलाच. त्याच्या केससाठी युनियनची माणसं तिच्याकडे यायची. केसमधून काही निघालं नाही, पण आलेल्या माणसाला ती जेवल्याशिवाय जाऊ देईना, आणि त्यातूनच मेस उभी राहिली. माझे वडील त्या युनियनचे सेक्रेटरी. सगळे त्यांना तात्या म्हणायचे, म्हणून मीही तात्याच म्हणते. माझी आई लवकर गेली, तेव्हापासून आम्ही दोघं मावशीकडेच जेवायला लागलो.

तात्यांच्या पत्रकांच्या घड्या मी त्या मेसच्या टेबलांवर घातल्या. वाचायला शिकले तीही त्याच पिवळ्या, गुलाबी कागदांवर. 'शेजारी' हा शब्द लिहिता येण्याआधी मला 'शोषण' लिहिता येत होतं. मावशीला वाचता यायचं नाही. उरलेली पत्रकं ती डब्यात पोळीखाली घालायची आणि तात्यांना सांगायची, "तुझं म्हननं सगळ्या कारखान्यात पोचवते बघ, तेल लावून."

तिच्याकडे जेवायला बसणाऱ्याला आधी ऐकून घ्यावं लागायचं. एखादा नवा पोरगा भाजीत मीठ कमी आहे म्हणाला, की ती पडद्याआडून सांगायची, "मीठ हाय. तुझ्या तोंडाला चव नाय. तंबाखू थुकून ये." कोणी कामावरचं भांडण डोक्यात घेऊन तावातावाने आला, की त्याच्यापुढे ताट सरकवायची. "आधी खा. उपाशी मानसाचं मी ऐकत नसते." एका संपात एक कामगार फुटला आणि गेटमधून आत कामाला गेला. त्या दिवशी तो जेवायला आला, तेव्हा बाकावरचे सगळे उठून उभे राहिले. मावशीने त्याचं ताट टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवलं. "भांडन गेटवर करा," ती म्हणाली. "हितं भाकर हाय." तात्यांना ते आवडलं नव्हतं. पण तेही खाली बसले.

सेकंड शिफ्ट सुटून शेवटचा माणूस येईपर्यंत ती जागी असायची. हा शेवटचा माणूस बहुतेक वेळा भास्करकाका असायचा. टर्नर, थोडा तोतरा, सायकल हळू चालवणारा. त्याचं ताट उठलं की मग तिचं 'मागनं' यायचं. मोठी झाल्यावर मी एकदा तिला विचारलं, की सगळ्यांच्या शेवटी का? स्वयंपाक तर संध्याकाळीच झालेला असतो. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी पाणी ओलं का असतं ते विचारलं.

"अंदाज चुकला तर?" ती म्हणाली. "दोन मानसं जास्त आली तर कमी कोनाला पडायचं? गिऱ्हाइकाला?"

म्हणजे तिची भाकरी ही मेसची शिल्लक होती. जास्त माणसं आली की ती कमी व्हायची, कमी आली की जास्त. पहाटेपासून मध्यरात्र उलटेपर्यंत ही बाई उभी असायची, आणि तिच्या डोक्यावरच्या भिंतीला आठ तासांच्या कामाची मागणी करणारं पत्रक चिकटवलेलं असायचं. त्या पत्रकाखाली बसून आम्ही सगळे दुसरी भाकरी मागायचो.

छातीतली गाठ तिला आंघोळीच्या वेळी हाताला लागली होती. किती महिने, ते तिने कधी नीट सांगितलं नाही. "दुखत नव्हती. न दुखनाऱ्याला काय दाखवायचं?" सरकारी दवाखान्याची ओपीडी सकाळची, आणि सकाळी तिचे डबे असायचे. एक दिवस तिने मला पडद्यामागे बोलावलं आणि ब्लाउजची दोन बटणं काढली. कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली होती आणि एका जागी चिघळली होती. "तू कॉलेजात शिकलीस," ती म्हणाली. "हे काय असंल, सांग." मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकले होते. पण ते काय आहे, ते मला कळलं.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी आधी केमोची इंजेक्शनं आणि मग ऑपरेशन, असं ठरवलं. मला बाजूला घेऊन सांगितलं, "उशीर झालाय. पण करू." मग पुन्हा मावशीसमोर येऊन बसल्या आणि त्यांनी तिला असं काही विचारलं, जे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"रात्री जेवता किती वाजता?"

"मागनं," मावशी म्हणाली.

मला समजावून सांगावं लागलं. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे बारा-साडेबाराला जेवून लगेच झोपता? आणि पहाटे पुन्हा उठता?"

"झोपते कुठं, आडवी होते."

त्यांनी शांतपणे सांगितलं, की शरीराचं स्वतःचं एक घड्याळ असतं. रात्री उशिरा पोटात अन्न गेलं की ते बिघडतं. अंधार पडता पडता जेवलं आणि रात्रभर पोटाला विश्रांती दिली, तर ब्रेस्ट कॅन्सरच्या बाईला त्याचा उपयोग होऊ शकतो का, यावर अभ्यास चालू आहेत. पक्कं कोणी सांगू शकत नाही. खरं काम औषधच करणार. "उपाशी मात्र राहायचं नाही हं मावशी, वजन टिकायला हवं. फक्त वेळ बदला. सातच्या सुमाराला जेवा. कदाचित फायदा होईल. तोटा तर नाहीच."

परतताना रिक्षा त्रिमूर्ती चौकात आली तेव्हा मावशी म्हणाली, "सातला मी दुसरी कनीक मळते. दिवेलागनीला जेवायला मी काय जैन हाय का?"

मी तात्यांना सगळं सांगितलं. त्यातलं 'कदाचित' त्यांना अडलं.

"कदाचित म्हणजे काय? उपयोग होतो की नाही होत?"

"माहीत नाही अजून कोणाला."

"मग होतो असंच धरून चालू."

तात्यांनी सबंध आयुष्य मागण्या केल्या. मागणीत कदाचित नसतं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यांनी मेसमध्ये सभा बोलावली आणि विषय मांडला: मावशींचं जेवण. मी तिथे होते. सगळी माणसं खरोखर अस्वस्थ होती. ज्या बाईच्या हातचं इतकी वर्षं खाल्लं, ती आपल्यामुळे मध्यरात्रीपर्यंत उपाशी राहते, हे त्यांना पहिल्यांदाच शब्दांत ऐकायला मिळालं होतं. एकाने सुचवलं, की मावशी सातला जेवेल आणि तिच्याआधी कोणी ताटाला हात लावायचा नाही. दुसऱ्याने सुचवलं, की सेकंड शिफ्टवाल्यांनी दुपारी कामावर जातानाच डबा न्यायचा, म्हणजे रात्री मेस उघडी ठेवायला नको. भास्करकाकाने अनुमोदन दिलं. हात वर झाले. ठराव एकमताने मंजूर.

पडद्याआडून आवाज आला, "मला इचारलं का कोनी?"

"मावशी, तुमच्यासाठीच चाललंय," तात्या म्हणाले.

"युनियनमदी बी असंच करता का? ज्याचं पोट त्याला न इचारता?"

सगळे हसले. ती हसली नव्हती, हे आता मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी सातला पहिल्या शिफ्टची माणसं हात धुऊन उभी होती. मधल्या टेबलावर एकच ताट वाढलेलं. मावशी पदराला हात पुसत बाहेर आली, बाकावर टेकली, भाकरी मोडली, आणि थांबली. दहा-बारा बाप्ये तिच्याकडे बघत होते.

"आता काय माझे दात मोजता का?" ती म्हणाली. "एवढ्या मानसांपुढं घास उतरंल का?"

"पाठ करा रे," तात्या म्हणाले. आणि ती सगळी माणसं, वेल्डर, फिटर, हेल्पर, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. कोणी कॅलेंडर वाचत होतं, कोणी तेच जुनं पत्रक. मी मात्र बघत होते. मावशी फार भराभर जेवायची. लहान लहान घास, आणि प्रत्येक घासानंतर जराशी उठल्यासारखी व्हायची. तिचं लक्ष ताटात नव्हतंच, ते दाराकडे होतं. पाठमोऱ्या माणसांतून कोणीतरी म्हणालं, "मावशी, भाजीला मीठ बरोबर आहे ना?" तेव्हा मात्र ती इतकी हसली की तिला ठसका लागला आणि सगळे एकदम वळले.

असे काही दिवस चांगले गेले. मग डब्यांचं सुरू झालं. दुपारी भरलेला डबा रात्रीच्या सुट्टीत थंडगार व्हायचा. भाकरी वातड, भाजीवर तेलाचा थर. कोणी तक्रार केली नाही. ठराव त्यांचाच होता. पण कंपनीच्या गेटजवळ दुसरी एक मेस होती, तिथे रात्री गरम मिळायचं. एकेक जण तिकडे जाऊ लागला आणि मावशीला तोंड दाखवायला लाजू लागला. सर्वांत शेवटी भास्करकाका सांगायला आला. डबा धुऊन, पुसून आणला होता.

"गरम मिळतं का तिथं?" तिने विचारलं.

"मि... मिळतं. पण तुझ्यासारखं नाही मावशी."

"गरम मिळतं ना? मग झालं."

तो गेल्यावर ती मला म्हणाली, "तुमच्या ठरावानं मला जेवायला बसवलं, आन् बाकीच्यांना उठवलं."

पुढे केमोने तिला फोडणीचा वास सहन होईना. मोहरी तडतडली की ती मोरीकडे धावायची. उरलेली माणसंही आपणहून थांबली. मेस बंद झाली. बाकं भिंतीला लावून ठेवली. केस गेले तेव्हा ती रडली नाही, पण गॅसची मोठी शेगडी कोणाला तरी देऊन टाकली त्या दिवशी पडद्यामागे बराच वेळ बसून राहिली.

सातला मात्र ती जेवायची. तात्या रोज त्या वेळी तिच्या पायरीवर येऊन बसायचे. आत जायचे नाहीत, बोलायचे नाहीत, गेटवर बसल्यासारखे बसायचे. मी वरण-भात नेऊन द्यायचे. ती म्हणायची, "तोंडात पत्रा ठेवल्यावानी लागतं गं." तरी घास मोजल्यासारखे गिळायची, आणि मोठ्याने सांगायची, "झालं रे तात्या, जेवले. जा घरी." मग तात्या उठायचे.

त्या काळात मी संध्याकाळी घरी परतताना सिडकोच्या गल्ल्यांतून मुद्दाम हळू चालायचे. सात वाजलेले असायचे. खिडक्या उघड्या. कुकरच्या शिट्ट्या, लाटण्याचे आवाज, कोणीतरी कोणाला तरी अभ्यासावरून ओरडतंय. बायका दिसायच्या, त्या सगळ्या उभ्या. बसलेली आणि जेवत असलेली एकही बाई मला कधी दिसली नाही. डॉक्टरबाईंचा सल्ला चांगला होता, आणि तो द्यायला काही खर्च नव्हता. पण सातला जेवायचं तर आधी स्वतःची अशी सातची वेळ लागते. ती या गल्ल्यांत कोणाकडे होती? इथे वेळ नवऱ्याच्या शिफ्टची असते, पोरांच्या क्लासची असते, सासऱ्यांच्या गोळीची असते. बाईचं मागनं होतं.

यावर पत्रक काढायचं मी ठरवलं. एका बैठकीत लिहून काढलं आणि तात्यांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"चांगलं लिहिलंस," ते म्हणाले. "पण मागणी कोणाकडे?"

मी कागद परत घेतला. ते म्हणाले, "पत्रक कोणाच्या तरी गेटवर वाटायचं असतं. हे कोणत्या गेटवर वाटणार?"

ते छापलं गेलं नाही.

ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, गोळ्या सुरू झाल्या. वर्षभर ती बरी दिसायची. केस पुन्हा आले, आधीपेक्षा कुरळे. पायऱ्यांवर बसून ती शेजारणींना शिव्या देण्याइतकी सावरली होती. आम्हाला वाटलं, सातचं जेवण लागू पडलं. तात्या तर तसं उघड सांगायचे. मग उजव्या बाजूला, बरगडीखाली, जड वाटायला लागलं. तपासण्या झाल्या. यकृतात पसरला होता, हाडांतही.

डॉक्टरबाईंनी तिला खुर्चीत बसवलं. दुखणं कमी करायच्या गोळ्या समजावून सांगितल्या. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् जेवायचं? सातलाच ना?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता वेळेचं बंधन नको मावशी. तुम्हाला हवं तेव्हा जेवा. हवं ते खा. भूक लागेल तेव्हा."

मावशीने मान हलवली. बाहेर आल्यावर पॅसेजमधल्या बाकावर बसली. मी औषधं घेऊन आले तरी उठेना.

"माझ्या नवऱ्याला सायेब बोलला होता," ती म्हणाली. "लय गोड बोलला. म्हनला, उद्यापासनं येळेवर यायची गरज नाय. हे घरी आले आन् मला सांगत्यात, सायेब चांगला हाय, येळेची सूट दिली. मी तवाच समजले होते."

मी काहीतरी बोलायला लागले. "नवीन औषधं असतात मावशी, आपण मुंबईला..."

"गप," ती म्हणाली. "रिक्षा बघ."

त्यानंतर ती दीडेक महिना होती. आमच्याच घरी आणून ठेवलं होतं तिला, पुढच्या खोलीत. तात्यांचं पायरीवर बसणं थांबलं. ते आता दिवसभर घरात असायचे आणि सारखे विचारायचे, "मावशी, काही आणू? भूक लागली का?" मीही विचारायचे. भास्करकाका सुट्टीच्या दिवशी द्राक्षं घेऊन यायचा, तोही तेच विचारायचा. आयुष्यात पहिल्यांदा या बाईला सगळे मिळून विचारत होते, की तुला भूक कधी लागते.

ती विचारात पडायची. चेष्टा म्हणून नाही, खरंच. कपाळाला आठी घालून आत कुठेतरी ऐकल्यासारखं करायची.

"मला ठावंच नाय गं," एका सकाळी ती म्हणाली. "कवा लागते ते. कवा बघितलंच नाय. लोकांची दिसायची मला. दारातनं मानूस आत आला की त्याच्या तोंडावर दिसायची. हा दोन भाकरीचा, हा चार. माझी कशी असते, काय ठावं."

"आता लक्ष ठेव," मी म्हटलं.

"ठेवते," ती म्हणाली.

आणि तिने खरंच ठेवलं. दिवसभर डोळे मिटून पडून राहायची. मला वाटायचं झोपलीय, तर मध्येच म्हणायची, "अजून नाय." दुपारी, "नाय गं अजून." मी स्वयंपाकघरात वरण गरम ठेवायचे, भात मऊ करून ठेवायचे. अर्धी वाटी पेज जायची, तीही आमच्या समाधानासाठी. डॉक्टरबाईंनी मला फोनवर सांगितलं होतं, की या आजारात शेवटी भूक मरते, जबरदस्ती करू नका. मी ते तिला सांगितलं नाही. ती वाट पाहत होती.

एका दुपारी तिने मला हाक मारली. "निले, ये गं. आज लागल्यासारखं वाटतंय." पोटावर, बरगडीच्या जरा खाली, हात ठेवला होता. चेहऱ्यावर मला कधी न दिसलेलं कुतूहल होतं. "हितं. ओढल्यावानी होतंय."

मी धावत आत गेले. ताट घेतलं, भात कालवला, वर तुपाची धार सोडली, लिंबाची फोड ठेवली. तात्या तांब्या घेऊन माझ्यामागे आले. आम्ही खोलीत पोचलो तेव्हा ती एका कुशीवर वळली होती आणि गुडघे पोटाशी घेतले होते.

"नाय गं," ती म्हणाली. "ही दुसरीच कळ होती."

तात्यांनी तिला गोळी दिली. मी ताट घेऊन तशीच उभी होते. तिने डोळे उघडून ताटाकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"गरम हाय तवर तुमी बसा," ती म्हणाली.

आम्ही दोघं तिच्या खाटेजवळ जमिनीवर बसलो आणि एकाच ताटात तो भात खाल्ला. ती आमच्याकडे बघत होती. त्यानंतर तिने काही मागितलं नाही, आणि चौथ्या दिवशी ती गेली.